छापखाना नसताना गाजलेला लेखक: बारामतीचे मोरोपंत आणि तुमची पहिली कादंबरी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आज सुरुवात एका व्हॉइस नोटने करतो.

इंदापूर तालुक्यातल्या एका गावातून आलीय. पोराचं नाव सांगत नाही, त्याने तशी विनंती केलीय. वय तेवीस. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर काम करतो आणि रात्री मोबाईलवर लिहितो. दोन वर्षं झाली, कादंबरी लिहितोय. विषय त्याच्या आजीचा. उजनी धरणात आजीचं गाव गेलं. नव्या गावठाणात येताना तिने बैलगाडीत काय काय घातलं आणि काय काय मागे सोडलं, त्याची ही गोष्ट आहे. तुम्ही त्या भागातले असाल तर तुम्हाला माहीत असेल, उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर वर येतं. लोक बघायला जातात, फोटो काढतात. याची आजीसुद्धा जाते. ती फोटो काढत नाही, नुसती बसून राहते म्हणे.

आता त्याचा प्रश्न ऐका. तो म्हणतो, "दादा, कादंबरी पूर्ण झाली. एका ठिकाणी चौकशी केली. ते म्हणाले पंचावन्न हजार भरा, तीनशे प्रती देतो, ऑनलाइन विक्रीला लावतो, प्रकाशन समारंभाचे फोटो पण काढून देतो. आमच्या आण्णांचं उसाचं बिल पुढच्या महिन्यात जमा होईल. मागू का त्यांच्याकडे? भरू का पैसे?"

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. कारण हो किंवा नाही असं एका शब्दात सांगणं सोपं आहे, पण त्याने त्याचं काम होणार नाही. आणि आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे. म्हणून म्हटलं, या पोराला त्याच्या घरापासून तासा-दीड तासावर राहिलेल्या एका लेखकाची गोष्ट सांगू. तो लेखक बारामतीत चाळीस वर्षं लिहीत होता. त्याचं एकही पुस्तक त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. तरी त्याच्या ओळी मराठी मुलखात गावोगाव म्हटल्या जात होत्या. हे कसं झालं, ते बघू. मग पंचावन्न हजारांचं बोलू.

कऱ्हेकाठचा वाडा

मोरेश्वर रामजी पराडकर. आपण त्यांना मोरोपंत म्हणतो. जन्म १७२९ चा, पन्हाळगडावरचा. तिथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या दोन भावांकडे त्यांचं संस्कृतचं शिक्षण झालं. वडील नोकरीसाठी बारामतीला आले होते आणि पंचविशीच्या आसपास मोरोपंतही इकडे आले. मग १७९४ मध्ये वारले तोपर्यंत बारामती हेच त्यांचं गाव.

बारामतीत नोकरी कुणाकडे? बाबूजी नाईक बारामतीकर यांच्याकडे. हे नाईक म्हणजे त्या काळातले बडे सावकार. पेशव्यांना कर्ज देणारी पार्टी. नातं पण होतं बरं का: बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई, म्हणजे पहिल्या बाजीरावांची बहीण, ही बाबूजींच्या भावाला, आबाजी नाईकांना दिली होती. बाजीराव वारल्यावर १७४० साली पेशवेपद आपल्याला मिळावं म्हणून याच बाबूजींनी खटपट केली होती. जमलं नाही, ती वेगळी गोष्ट. कधीतरी त्यावर एक भाग करू.

तर कऱ्हा नदीच्या काठी नाईकांचा वाडा. तिथे मोरोपंत पुराणिक होते. म्हणजे काय काम? वाड्यातल्या मंडळींना पुराण वाचून दाखवायचं, अर्थ सांगायचा. समोर माणसं बसलेली. कुणाला झोप येतेय, कुणी पुढे सरकून ऐकतोय, कुठल्या प्रसंगाला बायका डोळ्याला पदर लावतात, हे सगळं वाचणाऱ्याला दिसतं. आता जरा विचार करा. आपण फेसबुकवर पोस्ट टाकतो आणि लाइक मोजतो. या माणसासमोर श्रोत्यांचे चेहरे असायचे. पुराणिकाची नोकरी हीच एक लेखनाची शाळा होती, असं मला वाटतं.

आणि लिहिलं किती? महाभारत सगळं आर्या वृत्तात आणलं, ते 'आर्याभारत', सुमारे १७ हजार आर्यांचं. रामायण तर एकदा लिहून समाधान झालं नाही. परंपरेने त्यांच्या नावावर १०८ रामायणं सांगतात. 'केकावली' शेवटी-शेवटी लिहिली. सगळी कविता मोजली तर पाऊण लाखाच्या घरात जाते, असं मानतात.

त्या रामायणांतलं एक मला फार आवडतं, त्याच्या कल्पनेसाठी. 'निरोष्ठ रामायण'. ओठ न मिटता म्हणता येईल असं रामायण. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं वापरायचीच नाहीत. आता गंमत लक्षात आली का? 'म' नाही म्हणजे 'राम' हा शब्दच लिहिता येत नाही! रामाचं चरित्र सांगायचं आणि राम म्हणायचं नाही. काही लोक याला नुसती कसरत म्हणतात, आणि ती आहेच. पण भाषेवर हात बसवायचा तर अशी कसरत करावी लागते. तुम्ही एक करून बघा. तुमच्या कादंबरीतलं एक प्रकरण घ्या आणि त्यातून 'अचानक', 'खूप' आणि 'जणू' हे तीन शब्द पूर्ण काढून टाका. त्यांच्याशिवाय तोच प्रसंग लिहा. काय होतं ते मला कळवा.

मग वाचक कुठून आले?

आता मुद्द्याचं. छापखाना नाही, प्रकाशक नाही, दुकान नाही. लिहायचं बोरूने, कागदाच्या सुट्या पानांवर. पोथी झाली की फडक्यात बांधून ठेवायची. दुसरी प्रत हवी? दुसऱ्या माणसाने बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून काढायची. आर्याभारताची एक प्रत म्हणजे १७ हजार आर्या हाताने लिहिणं. कुणी उगाच करेल का? ज्याला ती पोथी खरोखर हवी आहे तोच करेल. त्या काळात तुमच्या पुस्तकाची प्रत निघाली, याचा अर्थ कुणीतरी तुमच्यासाठी कित्येक दिवस मान मोडून बसलं होतं.

पण पोथ्या गेल्या त्याच्यापेक्षा लांब आर्या गेल्या, आणि त्या कीर्तनातून गेल्या. कीर्तनकार देवळात उभा राहतो. आधी पूर्वरंग, मग उत्तररंगात आख्यान लावतो. आख्यान म्हणजे गोष्ट. गोष्ट सांगताना मध्येच एखादी ओळ अशी टाकायची की श्रोत्यांनी मान डोलवली पाहिजे. त्यासाठी कीर्तनकारांना मोरोपंतांची आर्या सापडली. मात्रांवर चालणारं वृत्त, बहुतेक आर्यांत एका ओळीला ३० मात्रा, शेवटी यमक. ठेक्यात बसते, पाठ होते, अर्थ एका आर्येत पूर्ण होतो. अख्खी पोथी जवळ नसली तरी चालतं. चार आर्या पाठ केल्या आणि पुढच्या गावाला निघाले.

इथे एक नाव सांगायलाच हवं. रामजोशी, सोलापूरचे शाहीर. लावण्या, कवनं, तमाशाचा फड हे त्यांचं विश्व. आख्यायिका अशी, की त्यांचा फड बारामतीला आला असताना मोरोपंतांनी त्यांचं कवन ऐकलं आणि ही बुद्धी कीर्तनाला लाव असं सुचवलं. आख्यायिका आहे, तेवढीच धरा. पण पुढे रामजोशी कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी आपल्या कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या, हे मात्र साहित्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे. बघा, वाड्यात बसलेला संस्कृत पंडित आणि फडावरचा शाहीर. पंडिताचं लिखाण लोकांच्या तोंडी जायला शाहिराचा गळा लागला.

या ठिकाणी एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. नाहीतर आपण जुन्या काळाचे गोडवे गात बसू. मोरोपंतांना लिहायला वेळ मिळाला, कारण पोटाची सोय नाईकांनी केली होती. संस्कृत शिकायला मिळालं, कारण ते ज्या जातीत, ज्या घरात जन्मले तिथे ते शिक्षण होतं. त्याच बारामतीत, त्याच वर्षांत, शेतावर राबणारी, चामडं कमावणारी, दळण दळणारी माणसं होती. त्यांच्यातही सांगणारे असणार. ओव्या रचणाऱ्या बायका तर होत्याच. त्यांच्यासाठी वाडा उघडा नव्हता आणि पोथी उतरवून घेणारा कुणी नव्हता. आज इंदापूरच्या एका पोराने दूध केंद्रावरून घरी येऊन आजीची गोष्ट मोबाईलवर लिहिली, ही साधी गोष्ट नाहीये. तो दरवाजा उघडायला दोनशे वर्षं लागलीत. म्हणून तर त्या कादंबरीचं नीट व्हावं असं मला वाटतं.

छापखाना आला

मोरोपंतांच्या उतारवयातच पुण्यात छपाईची चर्चा सुरू झाली होती. नाना फडणवीसांच्या काळात, इंग्रज वकील मॅलेटच्या नादाने, एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवलं गेलं. पुढे मिरजेत, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने, १८०५ साली अशा पत्र्यांवरून गीता छापली गेली. तोवर मोरोपंतांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्यांची कविता छापून मोठ्या प्रमाणावर लोकांच्या हातात पडली ती आणखी पुढे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी जुन्या मराठी कवींचे वेचे निवडून 'नवनीत' नावाचा संग्रह केला, १८५४ साली. त्यात मोरोपंत होते. हे पुस्तक शाळांमध्ये गेलं आणि पिढ्यांनी ते वाचलं. १८६५ मध्ये दादोबा पांडुरंगांनी 'केकावली'वर टीका लिहिली. १९०८ साली ल. रा. पांगारकरांनी चरित्र लिहिलं. म्हणजे कवी जाऊन साठ वर्षं झाली आणि मग छपाई झाली. मधली साठ वर्षं ती कविता कुणी सांभाळली? पोथ्या उतरवणाऱ्यांनी, घरच्यांनी आणि कीर्तनकारांनी. छापखाना आला तेव्हा ती कविता जिवंत होती, म्हणून छापावीशी वाटली.

तुम्ही म्हणाल, दादा, हे सगळं कवितेचं झालं. कादंबरी वेगळी. बरोबर आहे. कादंबरी कुणी पाठ करत नाही. मग आता तिच्याकडे येऊ.

आठवड्याला एक प्रकरण

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात. साल १८५७. विषय विधवांची अवस्था. म्हणजे आपली कादंबरी सुरू झाली तीच समाजातल्या एका जिवंत दुखण्यापासून. पण नंतर काय झालं? १८६१ ची 'मुक्तामाला', पुढची 'मंजुघोषा', अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट आली. राजपुत्र, सुंदर नायिका, संकटं, योगायोग. लोक आवडीने वाचायचे. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक या विषयावर निबंध लिहून या प्रकाराची चांगलीच हजेरी घेतली. थोडक्यात, आपल्या आजूबाजूला जे घडतंय ते सोडून हे काय चाललंय, असा त्यांचा रोख होता.

मग आले हरी नारायण आपटे. हरिभाऊ. जन्म १८६४. पहिली कादंबरी 'मधली स्थिती', १८८५ पासून 'पुणेवैभव' या पत्रात क्रमशः आली. १८९० मध्ये त्यांनी स्वतःचं 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' भागाभागाने छापली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगते. राजपुत्र नाही, योगायोगांची माळ नाही. पुण्या-मुंबईतलं मध्यमवर्गीय घर, सासर, केशवपन. १८९० ते १८९३, तीन वर्षं ही गोष्ट चालली होती. म्हणजे आजच्या भाषेत वेब सिरीजच की.

यात लेखकाला काय मिळतं? एक म्हणजे शिस्त. अंक निघायचा आहे, प्रकरण द्यायचंय, मूड नाही वगैरे चालत नाही. दुसरं म्हणजे वाचक तुमच्याबरोबर चालतो. तिसरं, पुस्तक होण्याआधी ते कुणाला हवंय की नाही ते कळतं. तोटाही आहे, तो लपवत नाही. भागाभागाने लिहिताना पसरट होतं. हरिभाऊंच्या कादंबऱ्या लांबल्या आणि काही तर अपुऱ्याच राहिल्या. म्हणून क्रमशः देताना आपली कादंबरी आधी पूर्ण लिहून ठेवलेली बरी.

आणि हरिभाऊंना पहिला वाचक कोण होता? अनेक होते, पण एक नाव काशीबाई कानिटकरांचं. त्या स्वतः लेखिका. त्यांची 'रंगराव' ही कादंबरीही आधी मासिकात क्रमशः आली आणि पुस्तक झालं १९०३ मध्ये. हरिभाऊ आणि काशीबाई एकमेकांना पत्रं लिहीत, लेखनाबद्दल बोलत. ती पत्रं पुढे प्रसिद्धही झाली. एकोणिसाव्या शतकात एका बाईने आणि एका पुरुषाने लेखक म्हणून एकमेकांचं वाचणं, ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती. पण दोघांनाही त्याची गरज होती.

आता हे तिन्ही धागे एकत्र धरा. मोरोपंतांना समोर बसलेले श्रोते होते. त्यांच्या आर्यांना रामजोशी मिळाले. हरिभाऊंना दर आठवड्याचा वाचक आणि काशीबाईंसारखी जाणती मैत्रीण होती. पैसा प्रत्येकाच्या गोष्टीत आहेच. नाईकांचा आहे, वर्गणीदारांचा आहे. पण ऐकणारा माणूस सगळ्यांकडे होता.

माझी खोकी

आता माझी एक गोष्ट सांगतो. पूर्वी कधी सांगितली नव्हती.

मी पण एक पुस्तक छापलंय. नऊ वर्षांपूर्वी. पैसे भरून, पाचशे प्रती. कुठून छापलं ते सांगत नाही, कारण चूक माझीच होती. पुस्तक छापण्याआधी ते एकाही माणसाने पूर्ण वाचलेलं नव्हतं. आईने सुद्धा नाही. मला वाटायचं, आधी पुस्तक हातात येऊ दे, मग सगळे वाचतील. समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, ऐंशी-नव्वद प्रती ओळखीच्यांनी घेतल्या. उरलेली खोकी आजही आमच्या घरी पलंगाखाली आहेत. पहिल्याच पानावर एका माणसाचं नाव दोन प्रकारे लिहिलंय. कुणी वाचलंच नव्हतं, तर सांगणार कोण?

इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ कागदाचा मोठा कारखाना आहे. छपाईचा चकचकीत कागद तिथे तयार होतो. हायवेने जाताना मला दर वेळी वाटतं, मोरोपंतांच्या काळात कागदाचं एकेक पान जपून वापरायचे आणि आता कागदाच्या गाड्याच्या गाड्या भरून जातात. छापणं सोपं झालंय. आपलं लिहिलेलं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मिळवणं मात्र तेव्हा होतं तितकंच कठीण आहे.

तर मग, करायचं काय?

भावा, आता थेट तुझ्याशी बोलतो. बाकीच्यांनीही ऐका.

एक. कादंबरी मोठ्याने वाच. कुणापुढे? आजीपुढे. तिची गोष्ट आहे, पहिला हक्क तिचा. रोज रात्री एक प्रकरण. ती कुठे म्हणते "असं नव्हतं रे", तिथे खूण कर. ती कुठे गप्प होते, तिथे दोन खुणा कर. वाचताना जिथे तुझीच जीभ अडखळते, ते वाक्य मोड आणि नव्याने लिही. आणि फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेव. पुढे कामाला येईल, आणि कादंबरीचं काहीही झालं तरी आजीचा आवाज तुझ्याकडे राहील.

दोन. दहा वाचक शोध. मित्र चालतील, पण दहाही मित्र नकोत. एक शिक्षक, एक वाचनालयातले काका, एक तुझ्या वयाची मुलगी, एक धरणग्रस्त कुटुंबातलाच माणूस. त्यांना "कशी वाटली" असं विचारू नकोस. "छान" म्हणून मोकळे होतील. "कुठे सोडून द्यावीशी वाटली" असं विचार.

तीन. एक-दोन प्रकरणं सुटी करून दिवाळी अंकांना पाठव. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली खास मराठी सोय आहे. नवा लेखक पहिल्यांदा दिसतो तो बहुतेक तिथेच. अंक दिवाळीत निघतो, पण साहित्य काही महिने आधीच मागवतात, तेवढं ध्यानात ठेव.

चार. मग प्रकाशकांकडे जा. जाण्याआधी त्यांची पुस्तकं बघ. जो फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढतो त्याला कादंबरी पाठवून उपयोग नाही. सोबत एका पानाचं पत्र, एका पानात कथासार आणि पहिली तीन प्रकरणं. महिनोन्‌महिने उत्तर येत नाही, ती तयारी ठेव. त्या काळात दुसरं लिहायला घे.

पाच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. या मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही अशा लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला मदत करण्यासाठीच ती आहे. अर्ज कधी मागवतात ते मंडळाच्या संकेतस्थळावर बघत जा. आणि पुस्तक निघालंच तर राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार आहे, श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा.

सहा. कागदपत्र. हे नीट ऐका, इथे नवे लेखक फसतात. तू लिहिलंस त्या क्षणापासून कॉपीराइट तुझा आहे. नोंदणी केली तर पुरावा म्हणून बरं, पण सक्तीची नाही. आपला कायदा १९५७ चा आहे, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणून "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं कुठे दिसलं तर सही करायच्या आधी दहा वेळा विचार कर. ऑडिओ, अनुवाद आणि सिनेमा यांचे हक्क वेगवेगळे लिहून घे. आजीच्या गोष्टीवर उद्या कुणी वेब सिरीज करायची म्हटली तर?

आणि हो, पॅकेजमध्ये "आयएसबीएन क्रमांक मिळवून देऊ" म्हणून पैसे लावले असतील तर माहिती असू दे: भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्याला फी नाही.

पंचावन्न हजारांचं उत्तर

आता मूळ प्रश्न. मागू का आण्णांकडे पैसे?

आत्ता नको. कधीच नको असं मी म्हणत नाही. स्वतः पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. मोठमोठ्यांनी पदरचे पैसे घातलेत. पण आधी ही कादंबरी दहा माणसांनी शेवटपर्यंत वाचलेली असू दे. त्यातल्या दोघांनी आपणहून आणखी कुणाला तरी द्यायला मागितलेली असू दे. ती वेळ आली की तुला तुझा रामजोशी मिळाला असं समज. मग छापायची ठरली तर तीनशे नको, मागणीप्रमाणे पन्नास-शंभर प्रतीही आता काढता येतात. समारंभाचे फोटो मोबाईलवर तुझी बहीण पण काढेल.

उसाचं बिल म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. आडसाली ऊस असेल तर दीड वर्षाचा घाम आहे तो. वडील नाही म्हणणार नाहीत, हेच तर अवघड आहे. ते देतील. नंतर खोकी पलंगाखाली बघून काही बोलणारही नाहीत. माझे पण काही बोलले नाहीत.

आणि एक सांगतो. घाई करू नकोस, पण एका बाबतीत कर. आजीला वाचून दाखवायची घाई कर. छापखाना थांबेल. मोरोपंतांच्या आर्या साठ वर्षं थांबल्या, त्यांना काही झालं नाही, कारण त्या लोकांच्या तोंडात होत्या. आजी किती थांबेल ते आपल्या हातात नाही.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी त्या पोराला फोन करून एवढंच विचारलं, की आजीने कादंबरी ऐकलीय का? तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "तिला माहितीच नाही मी लिहितोय ते."

तर भावा, आज संध्याकाळी दूध संकलन आटोपलं की घरी जा, हातपाय धू आणि पहिलं प्रकरण काढ. झालं की व्हॉइस नोट पाठव. आजी काय म्हणाली ते आम्हाला सगळ्यांना ऐकायचंय.

आणि मंडळी, तुमच्यापैकी कुणाकडे अशी लिहून ठेवलेली, कुणाला न दाखवलेली गोष्ट असेल, तर आज रात्री घरातल्या एका माणसाला त्यातलं एक पान वाचून दाखवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, लिहीत राहा.